कौलांतले बिनभाड्याचे रहिवासी

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसच्या आवारात १९०५ च्या सुमारास प्रयोगासाठी काही छोट्या खोल्या बांधल्या गेल्या. भिंती सारख्या, आकार सारखा; फरक होता तो फक्त छपरात. काही खोल्यांवर साधी देशी कौलं, काहींवर मंगलोरी कौलं आणि उरलेल्यांवर पन्हाळी पत्रा. छपराखाली तारेची जाळी ताणलेली होती. वर राहणाऱ्या उंदराला त्या जाळीतून खाली उतरता येणार नव्हतं, पण त्याच्या अंगावरून गळणारी पिसू मात्र सहज खाली पडणार होती. जमिनीवर गिनीपिग सोडले होते. ही सगळी मांडामांड प्लेग संशोधन आयोगाची.

देशी कौलांच्या पोकळीत उंदरांनी बघता बघता संसार थाटले. खालच्या गिनीपिगांच्या अंगावर पिसवा दिसू लागल्या आणि पुढे ते प्लेगने मेले. पत्र्याखाली उंदराला बिऱ्हाड करायला जागाच नव्हती, त्यामुळे तिथे पिसवाही नव्हत्या. आणखी एक गोष्ट या प्रयोगांतून पक्की झाली. पिसवा नसतील तर प्लेगने आजारी असलेला गिनीपिग निरोगी गिनीपिगांच्या शेजारी ठेवला तरी रोग पसरत नाही. पिंजरा जमिनीलगत ठेवला तर आतला प्राणी दगावे. दोन फूट उंच टांगला तर वाचे, कारण पिसवेची उडी तेवढी जात नाही.

वैद्यकाच्या इतिहासात या खोल्यांची नोंद पिसवेमुळे झाली. मुंबईच्या घरांच्या इतिहासात मात्र त्यांची नोंद छपरामुळे व्हायला हवी. खोलीत कोण राहतं, तो किती स्वच्छ आहे, रोज अंघोळ करतो की नाही, यापेक्षा वर कौल कोणतं आहे यावर त्याचं मरण ठरत होतं. कीड इमारतीच्या बांधणीत राहते आणि तिचा बंदोबस्तही बांधणीतच करावा लागतो, हे परळमध्ये शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सिद्ध झालं. मुंबईने ते अधूनमधून ऐकलं, आणि जेव्हा ऐकलं नाही तेव्हा त्याची किंमत मोजली.

आधीची नऊ वर्षं तर ही किंमत भयंकर होती. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवीत डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी एका रुग्णात गाठीचा प्लेग ओळखला. डॉक्टर मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, मुंबईत नाव कमावलेले, महापालिकेचे सभासद. मेट्रो सिनेमासमोर धोबीतलावला आजही त्यांचा पुतळा उभा आहे. मांडवी म्हणजे धान्याचा बाजार. तळमजल्यावर पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या वखारी आणि त्यांच्या डोक्यावर तीन-तीन, चार-चार मजले माणसांची दाटी. उंदराला खायला खाली धान्य, राहायला वर कौलं आणि ये-जा करायला लाकडी तुळया. वखारींमध्ये उंदीर मरून पडत होते, हे लोकांनी पाहिलं होतं. त्याचा अर्थ काय, हे मात्र तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हतं.

त्यामुळे सरकारने हल्ला चढवला तो भिंतींवर आणि माणसांवर. कार्बोलिक आम्ल आणि पाऱ्याचं द्रावण बंबांनी घराघरांत मारलं गेलं. भिंतींना चुना फासला. ऊन आत यावं म्हणून कौलं उतरवली. अंथरुणं-कपडे जाळले. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांच्या दारांवर ‘यूएचएच’ अशी तीन इंग्रजी अक्षरं रंगवली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. पुण्यात सोल्जरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी तिथल्या प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीत झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंबईतून लोक लाखांनी गावी पळाले. १८९१ च्या जनगणनेत शहराची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ साली ती ७,७६,००६ वर उतरली.

भिंती धुतल्या तरी प्लेग हटेना, कारण पिसू भिंतीवर नव्हतीच. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत उंदीर, पिसू आणि प्लेग यांची साखळी जुळवून दाखवली, तेव्हा बहुतेकांनी ती मनावर घेतली नाही. मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी चाळींमध्ये गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा तपासल्या आणि तेच पुन्हा दाखवलं. परळच्या खोल्या आल्या त्या यानंतर. प्लेगची लस बनवणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ पासून त्याच गव्हर्नमेंट हाऊसमध्ये होती. १९२५ पासून ती संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

मग शहराने उंदीर धरायला सुरुवात केली. पिंजरे लावले, आमिषं टाकली, मेलेले उंदीर कुठल्या गल्लीतले हे नोंदवून परळला तपासणीला पाठवले. गणपतीच्या वाहनाला मारायचं कसं, हा प्रश्न अनेक घरांत खराच होता, आणि जीवहत्या वर्ज्य मानणाऱ्या घरांत तर त्याहून जास्त. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर नेऊन दुसऱ्या गल्लीत सोडण्याची रीत तेव्हापासून आजपर्यंत टिकली आहे. त्यामागची दया समजण्यासारखी आहे, पण त्या दुसऱ्या गल्लीतही माणसंच राहतात.

छपराचा धडा जिने खऱ्या अर्थाने घेतला ती संस्था म्हणजे मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. प्लेगच्याच धक्क्यातून १८९८ च्या कायद्याने ती जन्मली. गर्दीच्या वस्त्यांमधून रुंद रस्ते काढणं, नव्या वसाहती आखणं आणि कामगारांसाठी चाळी बांधणं ही तिची कामं. प्रिन्सेस स्ट्रीट तिचीच, दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी तिचीच, आग्रीपाडा-नागपाड्याच्या बीआयटी चाळीही तिच्याच. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम रेटून धरला. साध्या हिशेबात सांगायचं तर समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीतही आकाश दिसेल. आजच्या मुंबईत हा नियम वाचताना पोटात कालवतं.

ट्रस्टचं पाप वेगळं होतं. पाडलेल्या घरांच्या मानाने बांधलेली घरं कमी पडली, आणि उठवलेले लोक शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने कोंबले गेले. उंदीरही सोबत गेले असणारच. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

त्याआधी १९२० मध्ये सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं होतं. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून त्याने २०७ चाळी उभ्या केल्या. तळमजला अधिक तीन मजले, १६० चौरस फुटांच्या खोल्या, सगळं काँक्रीट. देशी कौलाची पोकळी गेली, लाकडी तुळई गेली, उंदराचं वरचं बिऱ्हाड मोडलं. पण खोलीत नळ नाही, हवा-उजेड बेताचा, गिरणीपासून अंतर लांब, म्हणून कामगार तिथे जायला तयार होईनात आणि बऱ्याच खोल्या काही वर्षं रिकाम्या पडून राहिल्या. लोक राहायला आले तेव्हा एका खोलीत दहा-दहा माणसं, पाळीपाळीने झोपणारी. ही व्यवस्था उंदरापेक्षा ढेकणाच्या सोयीची निघाली.

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर या जुन्या भागांत मात्र बांधणीतच एक जखम राहून गेली होती: हाऊसगल्ली. दोन इमारतींच्या पाठींमधली चार-पाच फुटांची ही फट टोपलीच्या संडासांसाठी ठेवली होती. अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या जातींमधले सफाई कामगार, तेव्हाच्या पालिकेच्या भाषेत हलालखोर, मागच्या बाजूने येऊन मैला उचलून नेत. माणसांनी माणसांना कसं वागवलं याचा तो दगडमातीतला पुरावा आहे. पुढे मैलावाहिन्या आल्या, टोपल्या गेल्या, गल्ली तेवढी राहिली. मग वरच्या मजल्यावरून उष्टं-खरकटं, कांद्याची टरफलं, प्लास्टिकची पिशवी असं सगळं खिडकीतून खाली जाऊ लागलं. फुटलेल्या पन्हाळीचं पाणी, कुजका कचरा आणि दोन्हीकडे जुन्या भिंतींच्या भेगा. घुशीला आणखी काय हवं?

डासांची गोष्टही इमारतीपाशीच येते. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचा तपास करून अहवाल दिला. दोष दलदलीवर टाकणं सोपं होतं, पण बेंटली यांना डास सापडला घराघरांच्या अंगणातल्या विहिरींमध्ये: अॅनॉफिलिस स्टीफन्साय, शहरी स्वच्छ पाण्यात वाढणारा. विहिरी बुजवण्याच्या, निदान घट्ट झाकण्याच्या नोटिसा निघाल्या तेव्हा मोठा विरोध झाला. पारशी, हिंदू, सगळ्यांचे धर्मविधी त्या पाण्याशी बांधलेले होते. काही विहिरींवर झाकणं बसली, काहींत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडले गेले. पुढे हाच डास विहिरीतून गच्चीवरच्या टाकीत राहायला गेला. पालिकेचे कर्मचारी आजही सोसायट्यांना टाकीचं झाकण डासरोधक करा, तपासणीसाठी शिडी ठेवा अशा नोटिसा देतात, त्यामागे हा बेंटलीचा वारसा आहे.

मग आला भाड्याचा प्रश्न, आणि त्याने सगळं बिघडवलं. पहिला भाडेनियंत्रण कायदा १९१८ चा. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. फाळणीनंतरच्या दिवसांत गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर त्याने टिकवलं, हे नाकारता येणार नाही. पण वर्षानुवर्षं तेच भाडं घेणारा मालक मोरीची तुटलेली जाळी बदलणार नाही, तुळईला लागलेल्या वाळवीकडे पाहणार नाही आणि हाऊसगल्ली तर नाहीच नाही. इमारतींना कोणी वाली उरला नाही. १९६९ साली दुरुस्ती मंडळ स्थापन झालं तेव्हा उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींची संख्या १९,६४२ होती. मंडळ कोसळणारा जिना सावरायला धावे. झुरळ-उंदीर त्याच्या यादीत कुठून येणार?

म्हणून बंदोबस्त खोलीपुरता झाला. ज्याने त्याने आपल्या चार भिंतींत लढायचं. शनिवार-रविवारी लोखंडी खाट गॅलरीत काढून तिच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, गाद्या उन्हात टाकून काठीने झोडपायच्या, बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्या करून ओट्याखाली ठेवायच्या, धान्यात कडुलिंबाचा पाला घालायचा. वाण्याकडून उंदराचं औषध आणायचं, ते बहुधा झिंक फॉस्फाइड. ढेकणांसाठी टिक ट्वेंटीची बाटली. तिचं नाव पुढे आत्महत्यांच्या बातम्यांमध्येही येत राहिलं. ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतो आणि विजेच्या पट्टीमागून, भिंतीच्या भेगेतून पलीकडच्या खोलीत चालत जातो. एका बिऱ्हाडाने खाट उकळली आणि शेजारच्याने नाही उकळली, तर महिन्याभरात दोघं पुन्हा सारखेच.

डीडीटीने काही काळ वाटलं की हे सगळं संपलं. पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये त्याचा कीटकांवरचा परिणाम शोधला, १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भारतात १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि फवारणीची पथकं घराघरांत शिरून भिंतीवर तारीख लिहून जाऊ लागली. लोकांना डासांपेक्षा मोठा आनंद झाला तो ढेकूण मेल्याचा. पण ढेकणांनी डीडीटी पचवायला फार वेळ घेतला नाही. पर्ल हार्बरच्या बराकींमध्ये ही प्रतिकारशक्ती १९४७ मध्येच दिसली होती. ढेकूण मरेनासे झाल्यावर अनेक ठिकाणी लोकांनी फवारणीवाल्यांना दारातूनच परत पाठवलं.

याच काळात कीड मारणं हा स्वतंत्र धंदा झाला. पेस्ट कंट्रोल (इंडिया) ही कंपनी मुंबईत १९५४ साली सुरू झाली. पुढे पंप पाठीला लावून येणारी माणसं हॉटेलं, जहाजं, गोदामं करता करता फ्लॅटमध्ये पोचली. ‘पेस्ट कंट्रोल’ हा शब्द मराठी घरात इतका रुळला की ‘आज आमच्याकडे पेस्ट कंट्रोल आहे’ एवढं म्हटलं की पाहुणे येणं पुढे ढकलतात.

विषाला कायद्याचा लगाम लागला तो एका दुर्घटनेनंतर. १९५८ मध्ये केरळात धान्याच्या मालात पॅराथिऑन मिसळलं गेलं आणि शंभराहून जास्त माणसं दगावली. चौकशी झाली, आणि १९६८ मध्ये कीटकनाशक कायदा आला. कीटकनाशक विकायला आणि व्यवसाय म्हणून वापरायला परवाना लागतो, तो या कायद्यामुळे. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांवर तर आणखी कडक बंधनं आहेत. गोदामातल्या धान्यासाठी असलेली ही गोळी हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडते. एखादा अर्धवट माहितीचा माणूस ती फ्लॅटमध्ये ढेकणांसाठी ठेवून, दार लावून निघून जातो. वायू डक्टमधून, पाइपाभोवतीच्या फटीतून शेजारी पोचतो. मुंबई-पुण्यात अशा रीतीने झालेले मृत्यू वर्तमानपत्रांत आले आहेत. दोन घरांमध्ये भिंत आहे हा आपला समज. वायूला, ढेकणाला आणि झुरळाला ती दिसत नाही.

महापालिकेकडे अजूनही एक जुनी तुकडी आहे: रात्री काम करणारे मूषक संहारक. हातात बॅटरी आणि काठी, सोबत पिशवी. रात्री हाऊसगल्लीत, मंडईमागे, नाल्याच्या कडेला ते उतरतात. डोळ्यांवर प्रकाशाचा झोत पडला की उंदीर क्षणभर जागच्या जागी थिजतो. तेवढ्यात काठी बसायला हवी. एका रात्रीचं लक्ष्य तीस उंदीर. पहाटे चौकीत मोजणी, आकडा भरला नाही तर पगाराला कात्री. मिरियम चंडी मेनाचेरी यांचा ‘द रॅट रेस’ हा माहितीपट याच माणसांवर आहे. त्यांच्या कष्टांबद्दल आदर वाटतो, आणि शंभर वर्षांनी आपण अजून काठीवरच आहोत याचं वाईटही वाटतं. कारण मादी तीनेक आठवड्यांत पिल्लं घालते. गल्लीत खरकटं पडतच राहिलं तर कुठली काठी पुरी पडणार?

१९९४ च्या सप्टेंबरात कचरा आणि उंदीर यांच्या या नात्याची आठवण सगळ्यांना झाली. बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगची आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. मुंबईत टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या, लोक तोंडाला रुमाल बांधून लोकलमध्ये चढले, आणि कचरा भराभर उचलला गेला. काही महिन्यांतच तो पुन्हा साचू लागला.

आता चाळींच्या जागी टॉवर येत आहेत. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. कौलं गेली, पण डक्ट आले, फॉल्स सीलिंग आलं, मॉड्युलर किचनच्या मागची काळोखी पोकळी आली. झुरळांसाठी फवाऱ्याऐवजी जेल आलं. ते खाल्लेलं झुरळ परत जाऊन मरतं आणि त्याच्या विष्ठेतून, कलेवरातून विष इतरांपर्यंत पोचतं. औषध खरोखर सुधारलं आहे. पण सोसायटीचा ठेका असतो तो जिना, गटार आणि मीटर रूमपुरता, घरातला खर्च ज्याचा त्याचा. अकरा महिन्यांच्या करारावर आलेला भाडेकरू म्हणतो, मालकाने करावं. परगावी राहणारा मालक म्हणतो, वापरणाऱ्याने करावं. आणि मधला एक फ्लॅट दोन वर्षं बंद असतो. १९४७ नंतरच्या चाळीत जे झालं त्याचीच ही नवी आवृत्ती आहे.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत हा विषय घ्या. ठेकेदाराकडून परवान्याची प्रत आणि वापरणार असलेल्या औषधाचं नाव लेखी मागा. ढेकूण किंवा झुरळ निघालं तर खालच्या, वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या घरांतही एकाच दिवशी काम करून घ्या, बंद फ्लॅटची किल्ली आधीच मागवून ठेवा. भाडेकरारात खर्च कोणाचा हे एका ओळीत लिहा. आणि औषधाच्या आधी मोरीच्या जाळ्या, पाइपाभोवतीच्या फटी, टाकीचं झाकण आणि मागची गल्ली यांच्यावर पैसे खर्च करा.